विकायचं म्हंजे नेमकं काय करायचं

वर्गात इंग्रजी शिकवताना मला भीती वाटते ती सोप्या शब्दांची. अवघड शब्द आला की मुलं मुकाट्यानं अर्थ लिहून घेतात. सोपा आला की कुणाचा तरी हात वर होतो. गेल्या वर्षी असंच झालं. धड्यात आधी ‘सेल’ आला, पुढच्याच ओळीत ‘व्हेंड’ आला, आणि खालच्या परिच्छेदात दारोदार ‘पेडल’ करत फिरणारा एक म्हातारा आला. कडोलीहून येणाऱ्या एका मुलीनं विचारलं, “मॅडम, सगळे विकतातच न्हवं? मग एवढे शब्द कशाला?”

मी म्हटलं, अर्थ जवळपास तोच. म्हटलं आणि पुढं सरकले. मास्तरकीत हे वाक्य फार कामाला येतं. पण तो प्रश्न माझ्या स्कूटरवर मागं बसून घरापर्यंत आला, कारण रस्त्यानं जाताना मी पाट्या वाचत सुटले. मला तशी खोडच आहे. कोर्टाच्या आसपास टेबल टाकून बसलेला माणूस ‘स्टॅम्प व्हेंडर’. खतं विकणारा मात्र ‘डीलर’, त्याच्या दुकानाला काच आणि आत पंखा. निपाणीला मावशीकडं गेलं की तंबाखूच्या गोदामांवर ‘ट्रेडर्स’ लिहिलेलं दिसतं, इथं बेळगावच्या मार्केट यार्डात ‘मर्चंट’. टाय बांधून मोटरसायकलवर हिंडतो तो ‘सेल्समन’. पेडलर म्हटलं तर माझ्या विद्यार्थ्यांना बातमीतला गांजावालाच आठवतो. बिचाऱ्या धड्यातल्या म्हाताऱ्याकडं नुसत्या सुया आणि रिबिनी होत्या.

मला गंमत वाटली ती याची, की माल कुठला आहे याच्याशी इंग्रजीला फारसं देणंघेणं नाही. विकणारा बसलाय की चालतोय, ओरडतोय की गप्प आहे, पंख्याखाली आहे की उन्हात, याचीच तिला चौकशी जास्त. बसला तर व्हेंडर, ओरडला तर हॉकर, दार वाजवलं तर पेडलर. आणि नुसतं ‘मी विकतो’ असं सरळ लिहिलेली पाटी मला बेळगावात एकही सापडली नाही.

मग वाटलं, आपलं तरी कुठं वेगळं आहे! माझं माहेर उचगावचं, शेतकऱ्याचं. आमच्याकडं दूध विकत नाहीत, डेअरीला ‘घालतात’. ऊस कारखान्याला ‘जातो’, जणू स्वतःच्या पायांनी. बटाटे मार्केटला ‘लावतात’. म्हैस ‘काढतात’. एवढा सगळा व्यवहार वर्षभर चालतो आणि विकलं हा शब्द कुणाच्या तोंडी येत नाही. तो यायचा फक्त जमिनीच्या बाबतीत. अमक्यानं शेत विकलं, हे आमच्याकडं बायका आवाज खाली आणून सांगतात.

आणि सासरी तर त्याहून कहर. माझं सासर वडगावातलं, विणकराचं. कॉलेजात असताना जमलं आणि दोन्ही घरांनी थोडं नाक मुरडून लग्न लावून दिलं. पुढच्या खोलीत माग होता, पॉवरलूम. लग्नानंतर पहिले काही महिने मला त्या खडखडाटात झोप यायची नाही. नंतर तो थांबला की जाग यायला लागली. माग चालवायची माझी थोरली जाऊ. तिला सगळं घर आक्का म्हणतं, तिचा नवरासुद्धा. सासरे गेल्यावर थोरले दीर उद्यमबागेत कारखान्यात लागले, माझा नवरा बँकेत, मी कॉलेजात. मागापाशी एकटी आक्का उरली.

आक्कानं जन्मात साडी विकली नव्हती. हे मी लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी कधी लक्षात घेतलं नव्हतं. धंद्याची रीतच तशी. मालक बीम द्यायचे, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला भला थोरला रूळ, आणि वर आडव्या धाग्याचं सूत. ते आणायचं, विणायचं, साड्या झाल्या की मालकांच्या पेढीवर ‘जमा’ करायच्या. मालक ठरवतील ती मजुरी घ्यायची. साडी पुढं कुठल्या दुकानात जाते, तिची किंमत काय होते, कोण नेसतं, हे विणणाऱ्याला कळायचं काही कारणच नाही.

गेल्या वर्षी मालकांनी पेढी आवरती घेतली. सुरतेहून येणाऱ्या मालापुढं आमच्या साड्या उभ्या राहीनात. आक्का चालू बीम परत द्यायला गेली, तर ते त्यांच्या कन्नडमध्ये म्हणाले, “राहू दे बाई. विणा आन् तुमचं तुम्ही विका.” माणूस चांगला, मनानं दिलं होतं त्यांनी. पण आक्का घरी आली ती चपला न काढताच पायरीवर बसली.

थोरल्या दिरांचा हिशेब सरळ होता. ते मला म्हणाले, “सांग की तुझ्या आक्काला. माग भंगारात घालू, खोली मोकळी करू, भाडेकरू ठेवू. आता त्यात काय ऱ्हायलं न्हाय.” चुकीचं काही बोलत नव्हते ते. आमच्या गल्लीत निम्म्या घरांनी तेच केलं होतं. भंगारवाला मागाचे तुकडे करून टेम्पोत भरतो, तो आवाज आता वडगावात नवा राहिलेला नाही. शेवटी नवराबायकोत ठरलं ते असं: हा बीम संपेपर्यंत माग राहील. या साड्या आक्कानं स्वतः विकून दाखवल्या तर पुढचं बघू. नाहीतर दिवाळीआधी भंगारवाल्याला बोलवायचं.

बीम संपला. साड्यांचा गठ्ठा झाला. आणि आक्का माझ्या खोलीत येऊन म्हणाली, “तू इंग्लिश शिकवतीस. मला एक सांग बघू. विकायचं म्हंजे नेमकं काय करायचं?”

मी हसले. ती हसली नाही. तिला खरंच विचारायचं होतं.

पहिलं गिऱ्हाईक घरीच आलं, मागच्या गल्लीतली एक बाई. साडी आवडली, विचारलं कितीला. आक्का म्हणाली, “बघा, तुमाला काय वाटंल ते द्या.” त्या बाईला जे वाटलं ते ऐकून मी स्वयंपाकघरात कपाळाला हात लावला. विणायची मजुरीही निघाली नसती. पण आक्का तो आकडा ऐकून बरी सुटल्यासारखी दिसली. दुसऱ्यानं भाव सांगायचा आणि आपण मान हलवायची, ही तिची ओळखीची वाट होती. मला मात्र राग आला, मी मधे पडून तो सौदा मोडला. विणताना एक तार इकडची तिकडे होऊ न देणारी बाई भाव सांगताना अशी पाण्यात पडल्यासारखी का होते? रात्रभर नाही, पण भाकरी थापताना तरी मी त्यावर बराच विचार केला.

मग टिळकवाडीतल्या एका महिला मंडळाचं प्रदर्शन निघालं. शनिवार-रविवार, एका हॉलमध्ये टेबलं मांडून. पापड, लोणची, मातीचे दागिने, आणि आम्ही. संयोजक बाईंनी आमच्या गळ्यात एकेक कार्ड अडकवलं, त्यावर ‘व्हेंडर’. आक्कानं विचारलं काय लिहिलंय. मी म्हटलं, विकणारी. ती म्हणाली, “अजून तर काय विकलं न्हाय.”

पहिल्या दिवशी सकाळी एक बाई आली. चांगली सवड काढून आलेली, साड्यांवरून हात फिरवणारी. हिरवी साडी तिच्या डोळ्यांत भरली. “उघडून दाखवता?” म्हणाली. आक्कानं घडी उचलली, सराईतपणे आतला एक भाग वर काढला, बोट ठेवलं आणि म्हणाली, “हितं बघा, एक तार तुटलीया.”

बाई बोटाकडं बघत राहिली. मग आक्काकडं. मग “बघून येते हं” म्हणून गेली. बघून येते म्हणणारं गिऱ्हाईक परत आल्याचं जगात कुणी पाहिलेलं नाही.

मला वाटलं, एखादी साडी असेल तशी. दुसरी बाई आली, आक्कानं दुसरी साडी उघडली आणि आधी काठातली गाठ दाखवली. तिसरीला सुताच्या रंगातला फरक दाखवला, जो मला उजेडात धरूनही दिसेना. पदर नाही, काठ नाही, नक्षी नाही, आधी खोट. जेवणाच्या सुट्टीत मी तिला बाजूला घेतलं आणि तडकले, “आक्का, काय चालवलंय हे? तुला विकायचंय की न्हाय?”

“अगं, पण दाखवायला नको?” ती खरोखर गोंधळली होती.

तिनं डबा उघडता उघडता सांगितलं तेव्हा मला कळलं. पेढीवर साडी जमा करताना दिवाणजी ती पसरून बारीक तपासायचे. त्यांना खोट सापडली तर मजुरी कापायचे आणि वर चार शब्द ऐकवायचे. विणणारीनं आपण होऊन आधी दाखवली तर बोलणी वाचायची, कापाकापीही कमी व्हायची. म्हणून घडी घालतानाच खोटीची जागा चटकन हाताला येईल अशी घालायची. तिच्या सासूनं तिला हे शिकवलं होतं, सासूला तिच्या सासूनं. माझ्या सासूबाई एवढ्या कडक, पण घडी कशी घालायची हे शिकवताना त्या हळू बोलायच्या म्हणे. आक्काच्या सगळ्या साड्या, टेबलावरच्या सगळ्या, तशाच घडीच्या होत्या.

मी डबा तसाच ठेवून दिला.  टेबलापलीकडं उभं राहणारं प्रत्येक माणूस आक्काला दिवाणजीच वाटत होतं.

दुपारी मी म्हटलं, तू गप्प बस, मी बघते. बोलणाऱ्याची माती खपते आणि गप्प बसणाऱ्याचं सोनं खपत नाही म्हणतात. आणि बोलायचाच तर मी पगार घेते. मी साड्यांच्या घड्या मोडून नव्यानं घातल्या, पदर वर. येणाऱ्या बायकांना इंग्रजी-हिंदी-मराठीची मिसळ वाढली. ‘हँडमेड’ म्हणाले, जे पॉवरलूमच्या बाबतीत पुरतं खरं नव्हतं. ‘एक्स्क्लुझिव्ह’ म्हणाले, ‘लिमिटेड पीस’ म्हणाले. दोन साड्या गेल्या. मी विजयी मुद्रेनं आक्काकडं बघितलं.

ती माझ्याकडं टक लावून बघत होती. रागानं नाही, कुतूहलानं. एखादी बाई वेगळ्याच पद्धतीनं भाकरी थापताना दिसावी तसं.

“तू आत्ता केलीस त्याला इंग्लिशमधी काय म्हणत्यात?”

“मार्केटिंग,” मी म्हटलं.

“आन् मी पेढीवर करायचो ते?” आमच्याकडच्या बायका ‘करायचो’च म्हणतात, हे ऐकून पुण्याची माणसं अजून चमकतात.

“सप्लाय म्हणता येईल.”

“मग विकणं कुठलं?”

 इथं वर्गातल्यासारखं पुढं सरकता येईना, कारण समोर धडा नव्हता, आक्का होती. मी शब्द चाचपत म्हटलं, “माल आपला, आणि भावही आपल्याच तोंडचा, तेव्हा सेल. दुसऱ्यानं भाव सांगितला तर आपण नुसतं देतो.” हे कुठल्या शब्दकोशात आहे विचाराल तर मला दाखवता येणार नाही. आक्कानं मात्र ते ऐकून मान हलवली.

“अवघड हाय,” ती म्हणाली. “खोट दाखवणं सोपं हाय त्यापरीस.”

रविवारी तिनं मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उभी राहिली. खोट दाखवायची ती सोडणार नव्हती, ते तिनं स्पष्ट सांगितलं. फक्त आधी पदर दाखवायचा, मग काठ, आणि खोट शेवटी, एवढ्यावर आमची तडजोड झाली. एक वयस्कर बाई आली, कन्नड बोलणारी. साडी बघितली, खोट बघितली, चष्मा वर करून परत बघितली आणि विचारलं, “एष्टु?” म्हणजे कितीला. आणि आक्काच्या तोंडून खाडकन कन्नडमध्ये भाव बाहेर पडला. पूर्ण भाव, आम्ही घरी बसून ठरवलेला, जसाच्या तसा.

मी खुर्चीतून उठलेच. कालपासून आलेल्या एकाही मराठी बाईला तिनं आकडा सांगितला नव्हता, मी सांगायचे. हे काय झालं? नंतर विचारलं तर म्हणाली, “कन्नडात सांगताना मीच सांगतोय असं वाटत न्हाय बघ.” मला ते लगेच पटलं. माझ्या वर्गातली मुलंसुद्धा मराठीत कधी न म्हणणारी ‘आय लव्ह यू’, ‘सॉरी’ वगैरे इंग्रजीत बिनदिक्कत म्हणतात. परक्या भाषेत तोंड पोळत नाही. पेढीवर मालकांशी बोलणं कन्नडमध्ये, बाजारातला भाव कन्नडमध्ये. तिच्या कानांनी भाव ऐकला तो त्याच भाषेत. मराठी ही घराची, जेवण वाढायची. त्या भाषेत पैसे मागायचे म्हणजे वाढलेल्या ताटाचे मागितल्यासारखं.

आनंद फार टिकला नाही. ती बाई म्हणाली, “स्वल्प कडिमे माडरी.” थोडं कमी करा. आक्कानं लगेच कमी केलं. अजून थोडं म्हणाली, आक्कानं अजून थोडं केलं. साडी गेली, पण भाव पुन्हा समोरच्या बाईनंच सांगितला होता. तो दिवस असाच गेला. साड्या बऱ्यापैकी खपल्या, काही माझ्या तोंडानं, काही आक्काच्या कन्नडनं, सगळ्या उतरत्या भावात. घरी येताना रिक्षात आक्का म्हणाली, “हे काय विकणं न्हाय. तू म्हणलीस तसलं न्हाय.” मला वाटलं होतं ती खूश असेल. मी उगाच शहाणपणा करून ती व्याख्या सांगितली असं झालं मला.

पुढच्या रविवारी सकाळी थोरले दीर चहा घेत बसले होते. असल्या उतरत्या भावात नवा बीम सुटायचा नाही म्हणत त्यांनी फोनवर भंगारवाल्याला दुपारी येऊन माग बघून जा म्हणून सांगितलं. आक्का ऐकत होती. तिच्या मनात काय होतं हे कळायला मार्ग नव्हता. ती उरलेल्या साड्या आवरत होती. तीन-चारच होत्या. त्यात एक जांभळी होती, मोरपंखी काठाची. बीमाच्या शेवटाची, म्हणून बहुतेक तिनं अगदी सावकाश विणलेली. माझा तिच्यावर पहिल्यापासून डोळा होता, आणि प्रदर्शनातही मी ती टेबलाच्या खालीच ठेवली होती.

मी ती उचलली, खांद्यावर टाकली आणि म्हटलं, “ही माझी हं आक्का.” आमच्या घरात हे असंच चालत आलंय. मालकांकडं डाग पडलेली, परत आलेली साडी असली की आम्ही जावांनी वाटून घ्यायची. कुणी कधी विचारायचं नाही, कुणी कधी सांगायचं नाही.

आक्का माझ्याकडं बघत राहिली. मग जवळ आली, माझ्या खांद्यावरची साडी काढून घेतली आणि जमिनीवर पसरली. पदर दाखवला. काठ दाखवला. मग आतला एक भाग वर काढून बोट ठेवलं, “हितं गाठ आलीया, बघून घे.” आणि मग माझ्या डोळ्यांत बघून तिनं भाव सांगितला. मराठीत. पूर्ण.

मला आधी चटका बसला, खोटं कशाला बोलू. एका चुलीवर जेवतो आम्ही. तिच्या मुलाची दहावीची इंग्रजी मी करून घेतली, माझ्या बाळंतपणात तिनं माझं न्हाणं केलं, आणि आता ही मला भाव सांगतेय! तोंडातून निघून गेलं, “घरच्याला तरी काही कमी?”

“न्हाय,” आक्का म्हणाली.  स्वतःच्या पदराचं टोक तिनं बोटाला करकचून गुंडाळलं. पण ती मागं सरली नाही, आणि आकडाही तिनं गिळला नाही. माझ्या उत्तराची वाट बघत ती तशीच उभी राहिली, कार्ड नाही, टेबल नाही, आमच्याच पुढच्या खोलीत.

ते आवळलेलं बोट बघितलं आणि माझा चटका कुठल्या कुठं गेला. परक्याला भाव सांगायला लागलं नसतं एवढं बळ तिला मला सांगायला लागत होतं. मी आत गेले, पर्समधून पैसे आणले आणि तिच्या हातात दिले, एक रुपया कमी न करता. तिनं ते कपाळाला लावले. मग साडीची घडी घालायला खाली बसली.

थोरल्या दिरांनी चहाचा कप खाली ठेवला. ते मागाकडं बघत होते. 

“आन् नवा बीम?” त्यांनी विचारलं. “त्यो कितीला पडतोय?”

आक्कानं घडी घालता घालता, वर न बघता, तोही भाव सांगितला. कुठून आणायचा तेही सांगितलं. कधी चौकशी करून आली होती, आम्हां कुणालाच माहीत नव्हतं. दिरांनी खिशातून फोन काढला आणि भंगारवाल्याला सांगितलं, आज नको येऊ.